किरणोपचाराबरोबर केमो कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. चाळीस वर्षे त्यांना विडीची सवय होती आणि अजूनही ती पूर्ण सुटलेली नाही. गेल्या महिन्यात घशात, जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले. मानेतही दोन गाठी आहेत, पण रोग आणखी कुठे पसरलेला नाही. डॉक्टरांनी सात आठवड्यांत ३५ वेळा किरणोपचार आणि त्याबरोबर दर आठवड्याला सिस्प्लाटिनची केमो असे सांगितले आहे. रक्ताचे सगळे रिपोर्ट पाहून केमोचे नक्की करू, असेही ते म्हणाले. काकांचे म्हणणे असे, की लाईटने गाठ जाणार असेल तर वर केमोचे विष कशाला? शेजारच्या एका गृहस्थांनी हळदीच्या अर्काच्या आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. त्यांच्या मते त्यानेही किरणांचा परिणाम वाढतो. बाबांना बारा वर्षे मधुमेह आहे, वजन ५६ किलो, उंची १६२ सेंटिमीटर, क्रिएटिनिन १.३ आहे. कान फार ठणकतो म्हणून ते औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेतात. केमो टाळली तर चालेल का? आणि किरणांना साथ देणारे दुसरे एखादे सौम्य औषध नसते का? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही वजन, उंची आणि क्रिएटिनिन हे तिन्ही आकडे लिहून कळवलेत, हे फार बरे झाले. काकांच्या शंकेचे उत्तर त्या आकड्यांवाचून अर्धवटच राहिले असते. आधी त्यांची शंका घेतो, कारण ती अनेक घरांत विचारली जाते आणि ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना’ एवढ्यावर तिची बोळवण करणे योग्य नाही.

तुमच्या वडिलांना सुचवलेली केमो ही किरणोपचाराला जोडलेला दुसरा, स्वतंत्र उपचार नव्हे. आठवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेत दिलेले सिस्प्लाटिन एकट्याने घशाचा कर्करोग बरा करू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी धरत नाही. गाठीतल्या पेशी किरणांपुढे अधिक दुबळ्या व्हाव्यात, म्हणजे रोज मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेतून जास्त पेशी मराव्यात, हे तिचे मुख्य काम आहे. शरीरात इतरत्र दडलेल्या सूक्ष्म रोगावर तिचा थोडा परिणाम होतो, पण तो दुय्यम.

हे कसे घडते ते थोडे तपशिलात सांगतो. किरणोपचाराची एक मात्रा साधारण २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असते. ३५ वेळा मिळून ७० ग्रे. एका मात्रेने प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये सुमारे २,००० ठिकाणी दोनपैकी एक धागा तुटतो आणि साधारण ७० ते ८० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. एक धागा तुटला तर पेशी समोरच्या धाग्याचा आधार घेऊन तो काही मिनिटांत सांधते. दोन्ही तुटले तर सांधणे अवघड जाते, आणि पेशी मरते ती बहुतेक अशा न सांधलेल्या किंवा चुकीच्या सांधलेल्या जागांमुळे. सिस्प्लाटिनमधला प्लॅटिनमचा अणू डीएनएच्या शेजारशेजारच्या घटकांना एकमेकांशी बांधून टाकतो. असा बांधलेला तुकडा दुरुस्तीच्या यंत्रणेच्या आड येतो, त्यामुळे एरवी भरून आली असती अशी इजा भरत नाही, आणि जवळजवळ पडलेल्या दोन साध्या इजांची मिळून एक प्राणघातक इजा होते. संध्याकाळच्या आत पेशीने जे सावरले असते, ते दुसऱ्या दिवशीच्या मात्रेपर्यंत तसेच राहते.

औषध आणि किरण एकाच काळात देण्याचा आग्रह यातूनच येतो. तो नुसत्या तर्कावर उभा नाही. डोके व मान या भागातील कर्करोगांवर जगभर झालेल्या ९३ चाचण्यांतील १७ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २००९ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात किरणोपचाराबरोबर केमो दिल्यास पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ६.५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. केमो किरणोपचाराच्या आधी उरकून घेतली, तेव्हा एवढा फायदा मिळाला नाही. नुसत्या विषाचा जोर कामाला येत असता, तर ते आधी दिले काय आणि बरोबर दिले काय, फरक पडला नसता. काकांना हे एवढे जरूर सांगा.

साडेसहा टक्के म्हणजे काय, तेही नीट पाहू, कारण या आकड्याने कोणी हरखून जातो तर कोणी त्याला क्षुल्लक समजतो. शंभर रुग्णांनी केमो घेतली, तर त्यांतल्या सहा-सात जणांचा जीव निव्वळ त्या केमोमुळे वाचतो. काही जण केवळ किरणोपचारानेच बरे झाले असते आणि काहींना दोन्ही मिळूनही रोग आवरत नाही. आपले माणूस कोणत्या गटात आहे हे आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी आज नाही. त्याच विश्लेषणात आणखी एक गोष्ट स्पष्ट होती : वय वाढत जाते तसा हा फायदा घटत जातो आणि सत्तरीनंतर जवळजवळ उरत नाही. बाबांचे वय ६१ आहे, त्यामुळे वयाची अडचण नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्टही अशीच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तिसऱ्या टप्प्यातील ८५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्या ४६ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या, तर आठवड्याला सिस्प्लाटिन जोडलेल्या गटात हे प्रमाण ५४ टक्के होते.

तेव्हा केमो टाळली तर चालेल का, याचे उत्तर ‘शक्यतो टाळू नये’ असे आहे. मात्र तुमच्या वडिलांच्या बाबतीत ‘हीच केमो का’ हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो मूत्रपिंडांसाठी विचारायला हवा.

क्रिएटिनिन हा स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा पदार्थ. १.३ हा आकडा रिपोर्टमध्ये मर्यादेच्या काठावर दिसतो आणि घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण सडपातळ, साठी ओलांडलेल्या माणसात तो फसवा असतो, कारण स्नायू कमी असले की क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. डॉक्टर त्यावरून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढतात. नेहमीचे सूत्र असे आहे : १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागायचे, स्त्री असेल तर येणारे उत्तर आणखी ०.८५ ने गुणायचे. तुमच्या वडिलांसाठी १४० वजा ६१ म्हणजे ७९. त्याला ५६ ने गुणले की ४,४२४. ७२ गुणिले १.३ म्हणजे ९३.६, भागाकार सुमारे ४७. म्हणजे मिनिटाला ४७ मिलिलिटर. सिस्प्लाटिन बाहेर पडते मूत्रपिंडांतून आणि इजाही मूत्रपिंडांनाच करते. बहुतेक केंद्रे ही क्षमता ५० च्या, काही तर ६० च्या खाली असेल तर सिस्प्लाटिन द्यायला कचरतात. त्यात बारा वर्षांचा मधुमेह आहे. ‘रिपोर्ट पाहून नक्की करू’ असे तुमचे डॉक्टर म्हणाले ते याच कारणाने असणार.

पण या ४७ वरही लगेच शिक्का मारू नका. घशात गाठ असलेल्या माणसाचे पाणी पिणे आपोआप कमी होते, आणि शरीर कोरडे पडले की क्रिएटिनिन चढते. दुसरे म्हणजे ती कानासाठीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात. मधुमेही माणसाने त्या रोज घेणे एरवीही बरे नाही आणि सिस्प्लाटिनच्या तोंडावर तर नाहीच नाही. जिभेच्या मुळाच्या गाठीची वेदना एकाच मज्जातंतूच्या वाटेने कानात जाणवते, कानात रोग नसतो. डॉक्टरांना हे सांगा. पॅरासिटामॉलपासून मॉर्फिनपर्यंत मूत्रपिंडांना या गोळ्यांइतका त्रास न देणारे पर्याय त्यांच्याकडे असतात, फक्त मूत्रपिंडे मंद असतील तर मॉर्फिनची मात्रा ते जपून ठरवतात. गोळी आजच बंद करून, पोटात पुरेसे पाणी जाईल अशी सोय करून, लागल्यास सलाईन देऊन चार-पाच दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासले, तर आकडा सुधारण्याची शक्यता आहे. सूत्रावर भागत नसेल तर गाळण्याची क्षमता थेट मोजणारे डीटीपीए स्कॅनही करता येते.

आकडा सुधारला आणि सिस्प्लाटिन ठरले, तर केमोचा दिवस साधारण असा जातो. सकाळी रक्ताचा रिपोर्ट आणि वजन पाहतात. १६२ सेंटिमीटर उंची आणि ५६ किलो वजनाच्या माणसाचे पृष्ठफळ सुमारे १.५९ चौरस मीटर भरते, म्हणजे मात्रा ६३-६४ मिलिग्रॅमच्या आसपास येते. आधी सलाईन, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. उलटी होऊ नये म्हणून औषधे. मग तास-दोन तास सिस्प्लाटिन. मग पुन्हा सलाईन. त्याच दिवशी, डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क लावून किरणांची मात्राही होते. सगळ्या मात्रा मिळून दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम शरीरात गेले की अपेक्षित फायदा मिळाला असे धरले जाते. चाळीसच्या हिशेबाने पाच आठवड्यांत तेवढे होते. म्हणून सहावी किंवा सातवी केमो रक्तपेशी उतरल्यामुळे रद्द झाली, तर हातपाय गाळू नका.

आकडा सुधारला नाही, तर ‘मग नुसती लाईट घ्या’ इथे विषय संपत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी आहे. सिस्प्लाटिन झेपणार नाही अशाच रुग्णांसाठी टाटा मेमोरियलने डोसिटॅक्सेल या औषधाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ३५६ रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना किरणोपचाराबरोबर आठवड्याला दर चौरस मीटरला फक्त १५ मिलिग्रॅम डोसिटॅक्सेल असे दिले गेले. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ४१.७ टक्के, तर दुसऱ्या गटातले ५०.८ टक्के रुग्ण हयात होते. हे औषध वेगळ्या वाटेने काम करते. पेशी विभाजनाच्या ज्या टप्प्यावर किरणांपुढे सर्वांत दुबळी असते, नेमके त्या टप्प्यावर ते तिला अडवून धरते. मूत्रपिंडांवर त्याचा भार नाही. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते : तीव्र स्वरूपात तोंड येण्याचे प्रमाण केवळ किरणोपचारात २२ टक्के होते, ते डोसिटॅक्सेलच्या गटात जवळपास ५० टक्के झाले. म्हणून याला सौम्य औषध म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरीही बाबांसाठी डॉक्टरांपुढे ठेवण्याजोगा पहिला पर्याय हाच आहे, असे मला वाटते. सिटुक्सिमॅब, निमोटुझुमॅब अशी प्रतिपिंडांची महागडी औषधेही या कामी वापरली जातात. पण ऐपत नसताना त्यासाठी शेत गहाण टाकावे इतका त्यांचा पुरावा तुमच्या परिस्थितीत भक्कम नाही.

आता कॅप्सूल. किरणांचा परिणाम वाढवण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही पदार्थाने दोन परीक्षा द्यायला हव्यात : गाठीतल्या पेशी जास्त मराव्यात, आणि शेजारची निरोगी त्वचा, लाळग्रंथी, गिळण्याचे स्नायू यांना त्या प्रमाणात जास्त इजा होऊ नये. केवळ पहिली परीक्षा, तीही काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर, उत्तीर्ण झालेले पदार्थ पुष्कळ आहेत. हळदीतले कर्क्युमिन त्यांतलेच. तोंडाने घेतलेले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात इतके थोडे उतरते, की बशीतल्या प्रयोगाचा आधार तिथेच सुटतो. भाजी-आमटीतल्या हळदीला काहीच हरकत नाही. अर्काच्या कॅप्सूल मात्र बंद ठेवा. व्हिटॅमिन ईची गोष्ट अधिक गंभीर आहे. किरणे पेशीतल्या पाण्यापासून अतिशय क्रियाशील कण तयार करतात आणि त्यांच्यामार्फत डीएनए तोडतात. व्हिटॅमिन ईसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये नेमके तेच कण शमवतात. कॅनडात ५४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन यांच्या मोठ्या मात्रा किरणोपचाराच्या काळात दिल्या, तेव्हा तोंड येण्याचा त्रास कमी झाला खरा, पण रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. त्रास कमी झाला म्हणून रुग्ण समाधानी, आणि ढाल मिळाली गाठीला! शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका; कॅप्सूल कपाटात राहू द्या.

किरणांना साथ देणाऱ्या गोष्टींत मी विडी बंद करण्याला फार वरचे स्थान देतो. प्राणवायू भरपूर मिळणारी पेशी प्राणवायूवाचून कोंडलेल्या पेशीपेक्षा किरणांना अडीच ते तीन पट अधिक बळी पडते. ज्यांच्या नावाने ‘ग्रे’ हे मात्रेचे एकक ओळखले जाते, त्या इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ग्रे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली या गोष्टीचे महत्त्व दाखवून दिले. मोठ्या गाठीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या पोचत नाहीत आणि तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, म्हणून प्राणवायूची जागा घेणारी औषधे शोधण्यात संशोधकांनी दशके घालवली. मिसोनिडॅझोलने मज्जातंतूंना इजा झाली; निमोरॅझोल डेन्मार्कमध्ये चांगले ठरले आणि तिथे रुळले, पण ब्रिटनमधल्या नंतरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. हिमोग्लोबिन वाढवले की प्राणवायू वाढेल, या हिशेबाने जर्मनीत एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने देऊन पाहिली. हिमोग्लोबिन वाढले, पण रोग उलट कमी आटोक्यात राहिला. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र रोज, प्रत्येक झुरक्याला रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. कॅनडातीलच एका अभ्यासात किरणोपचाराच्या काळात धूम्रपान चालू ठेवणाऱ्या ४५ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली, तर न ओढणाऱ्यांत ७४ टक्क्यांची. कोणत्याही इंजेक्शनने हा फरक भरून निघेल असे मला वाटत नाही. बाबांना अपराधी वाटेल अशा भाषेत हे सांगू नका. चाळीस वर्षांची सवय दटावून जात नाही. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि ३५ मात्रा ठरलेल्या सात आठवड्यांतच पूर्ण व्हायला हव्यात. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात. अर्धी खुरपणी करून रान सोडले तर मागचे तण दुप्पट जोमाने येते, तसेच हे आहे : मध्ये खंड पडला तर वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे सुमारे अर्ध्या ग्रेहून अधिक मात्रा पाण्यात जाते. औषधाच्या त्रासाने बाबा अंथरुणाला खिळले आणि आठ-दहा दिवस मशीनवर जाऊ शकले नाहीत, तर त्या औषधाने मिळवलेले त्याच खंडात निघून जाईल. म्हणून औषध आणि किरणे यांतले एकच झेपणार अशी वेळ आली, तर किरणे चालू ठेवायची आणि औषध त्या आठवड्यापुरते थांबवायचे, हा क्रम बदलू नका. तो निर्णय डॉक्टरच घेतील, पण घरच्यांच्या मनातही तो पक्का असावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटून निघते, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येते, तेव्हा ‘थोडे दिवस विश्रांती देऊ’ असा सल्ला देणारे पाहुणे हमखास भेटतात.

खंड पडतो तो बहुतेक वेळा अन्न-पाणी पोटात न गेल्याने. नाकातून नळी घालावी लागेल असे सांगितले, तर त्याला नकार देऊ नका. ती काही आठवड्यांची सोय असते. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. ताप १०१ अंशांच्या आसपास गेला, दिवसभरात लघवी अगदी कमी झाली किंवा उलट्यांमुळे पाणीही टिकेनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट पाहू नका. किरणोपचार आणि केमो हे दोन्ही उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळू शकतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी भेटा, मंजुरीपायी सुरुवात लांबू नये.

बाबांचे हलणारे किंवा किडलेले दात असतील, तर दंतवैद्याकडे याच आठवड्यात न्या. काढायचे दात मास्क बनवण्याआधी काढावे लागतात आणि जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. किरणोपचारानंतर जबड्याचे हाड सहजी भरून येत नाही, म्हणून हे काम मागाहून करू म्हणता येत नाही. सिस्प्लाटिन ठरले तर पहिल्या केमोच्या आधी कानांची ऑडिओमेट्रीही, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ते औषध श्रवणशक्तीला बाधू शकते आणि आधीचा आलेख हाताशी असला तरच ती उतरते आहे का, हे वेळेवर कळते.